बिनशपथेची साक्ष

लहान मुलाची साक्ष नोंदवायची असली की न्यायालयातली हवा थोडी पालटत असे. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा मोठ्या माणसाच्या मापाने केलेला, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या पोराचे त्यावरून नुसते केस दिसत. मग चपराशी कुठून तरी एक स्टूल पैदा करी, पोर त्यावर चढे, आणि इतका वेळ ज्यांचे फक्त आवाज कानांवर पडत होते त्या काळ्या डगल्यांतल्या माणसांची तोंडे त्याला प्रथमच दिसत. १८७२च्या पुरावा अधिनियमाच्या ११८व्या कलमान्वये, वय कोवळे आहे एवढ्याच सबबीवर कोणाची साक्ष नाकारता येत नसे. विचारलेले समजते आणि समजेल असे उत्तर देता येते, एवढी खातरजमा न्यायाधीशाने करायची. (२०२४पासून नवा अधिनियम आला, तत्त्व तेच राहिले.) म्हणून साहेब आधी इकडचे तिकडचे विचारीत, नाव काय, कितवीत आहेस, खोटे बोलणे चांगले की वाईट, आणि मूल बारा वर्षांच्या आतले असून खरे बोलावे हे त्याला कळते, पण शपथ म्हणजे काय हे कळत नाही असे दिसले, तर शपथ न देताच त्याची जबानी सुरू होई.

साक्षलेखक म्हणून मी नोकरीला लागलो आणि पेशकार म्हणून निवृत्त झालो. त्या तीसएक वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानी आली, ती अशी की पढवलेले पोर आणि पाहिलेले पोर यांतली तफावत ओळखायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. पढवलेले पोर मामल्याला उपयोगी तेवढेच बोलते, आणि तेही वकिलाच्या शब्दांत बोलते. ज्याने खरोखर पाहिले आहे ते भलत्याच निरुपयोगी गोष्टी सांगत सुटते: म्हशीचे दावे नवे होते, कंदिलाची काच फुटलेली होती, काका पडला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

हे सारे इतक्या वर्षांनी आठवायला निमित्त झाले ते जपानी चित्रपटांचे. आमचे पाटन म्हणजे जबलपूरच्या वायव्येला असलेले तहसिलीचे गाव. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना ते दर वेळी साताऱ्याकडचे पाटण वाटते, आणि दर वेळी मला नर्मदेपासून आरंभ करून त्यांचा भूगोल दुरुस्त करावा लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या मुलखात जी मराठी घरे आली त्यांतले आमचे एक; घरात मराठी, ओसरीच्या खाली पाय ठेवला की बुंदेली. पौष-माघात इथल्या काळ्या जमिनीतला मटार उतरू लागला की गावाला दुसरे काही सुचत नाही. अशाच एका हिवाळ्यात पुण्याला जपानी भाषा शिकणारी माझी भाची सुट्टीत आली, ती पंचवीस-तीस चित्रपट एका बोटाएवढ्या पेटीत घालून घेऊन आली आणि ती पेटी टीव्हीला जोडून निघून गेली. जपानविषयी आमचे ज्ञान म्हणजे पु. ल. देशपांड्यांचे ‘पूर्वरंग’, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेले तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. तोत्तोचान या घरातल्या तीन पिढ्यांनी वाचलेली असल्यामुळे, आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी ती तोमोए शाळा आम्हांला जवळजवळ जबलपूरच्या एखाद्या शाळेइतकी परिचयाची. तिच्यावरचा चित्रपट जपानात २०२३च्या डिसेंबरात आला. पण भाचीने आरंभ करायला सांगितले होते ते त्याहून एक्क्याण्णव वर्षे जुन्या चित्रापासून.

यासुजिरो ओझू यांचा १९३२ सालचा ‘जन्माला तर आलो, पण…’ हा मूकपट. त्या काळी जपानात पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा, पात्रांचे आवाज काढणारा, वेळप्रसंगी रडणारा असा एक कथेकरी असे, त्याला ते ‘बेन्शी’ म्हणत. या बेन्शींची लोकप्रियता आणि वचक एवढा होता की अमेरिकेत बोलपट सर्वत्र झाल्यावरही जपानात कित्येक वर्षे मूकपट निघत राहिले. आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री हे पद माझ्याकडे आले. गल्लीतली सात-आठ पोरे परातीत मटार सोलत बसली होती. पडद्यावर इंग्रजी पाट्या उमटत आणि मी त्या बुंदेलीत सांगे. तीस वर्षे दुसऱ्यांची जबानी लिहून घेतलेल्या माणसाला उतारवयात दुसऱ्यांची जबानी बोलून दाखवण्याचा योग यावा, याची मला थोडी मौज वाटली.

कथा अगदी साधी आहे. तोक्योच्या नव्या उपनगरात बदलून आलेल्या एका कचेरीतल्या नोकराचे दोन मुलगे. शाळेत नव्या पोरांना मार पडतोच तसा त्यांनाही पडतो, मग शाळा चुकवणे, चिमणीची अंडी खाल्ली की अंगात बळ येते म्हणून ती मिळवणे, दारू पोचवणाऱ्या पोऱ्याला हाताशी धरून गल्लीतल्या दांडगोबाला जेर करणे, असे करीत ते टोळीचे म्होरके होतात. टोळीत एक खेळ आहे: म्होरक्याने बोटे रोखून खूण केली की समोरच्याने असेल तिथे, धुळीत, मेल्यासारखे आडवे व्हायचे आणि दुसरी खूण होईपर्यंत उठायचे नाही. वडिलांच्या साहेबाचा मुलगाही या खुणेसरशी मुकाट्याने आडवा होतो. मुलांच्या राज्यात न्याय आहे. ज्याच्या मनगटात जोर त्याचा हुकूम. मग एके संध्याकाळी साहेबाच्या घरी हौसेने घेतलेली चित्रफीत दाखवतात, आणि तिच्यात आपला बाप, आपला कडक आणि जबरदस्त बाप, साहेबाला हसवण्यासाठी तोंडे वेडीवाकडी करताना या दोघांना दिसतो.

इथे आमची पोरे खदखदून हसली. आडवाटेने का होईना, तो बाप विनोदी आहेच. पण मंडीत एका आडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्याचा मुलगा पहिल्या हसण्यानंतर हसायचा थांबला, आणि त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. पडद्यावरची मुले घरी जाऊन बापाला सवाल करतात: आम्हांला मोठे व्हा म्हणता, तुम्ही कोण आहात? साहेब पगार देतो म्हणून घरात भात शिजतो, असे उत्तर मिळाल्यावर दोघे ठरवतात की मग जेवायचेच नाही. “काय दादा,” एका चिमुरडीने मला विचारले, “बे रोटी काए नईं खा रए?” मी पाटीवरचा मजकूर सांगितला. तिचे समाधान झाले नाही. हिशेबनिसाच्या मुलाने माझ्याकडे न पाहता तिला म्हटले, “चुप बैठ.” त्याला पाटीची गरज पडली नव्हती.

ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत असतो याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जपानी लोक चटईवर बसतात म्हणून तो तसा, असे म्हणतात, आणि ते खरेही असेल, कारण मोठ्यांच्या चित्रांतही ते त्याच उंचीवरून पाहत. पण या चित्रापुरते मला वाटते की साक्षीदाराला स्टूल देण्याऐवजी त्यांनी न्यायाधीशाचीच खुर्ची खाली आणली. सत्तावीस वर्षांनी, १९५९ साली, त्यांनी ‘ओहायो’ म्हणजे ‘नमस्कार, सुप्रभात’ या नावाने तोच विषय रंगीत आणि हलका करून पुन्हा घेतला: त्यात दोन भाऊ टीव्हीसाठी मौन धरतात, आणि मोठी माणसे दिवसभर ‘काय हवा सुंदर पडली आहे’ असलेच निरर्थक बोलत असतात तर आमच्याच तोंडाला टाळे का, अशी त्यांची फिर्याद असते. ते चित्र मी पोरांना दोनदा दाखवले. त्यातली पादण्याची चढाओढ त्यांना फार आवडली, आणि त्याबद्दल घराघरांतून माझ्याकडे तक्रारी आल्या.

आमच्याकडे मुलांचा चित्रपट म्हटला की पहिला आठवतो तो आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’. १९५३ साली तो निघाला, राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याने मिळवले, आणि त्यातली आई झालेल्या वनमालाबाई उज्जैनच्या जन्माच्या, ग्वाल्हेरच्या रहिवासी, म्हणजे आम्हां मध्य प्रदेशी मराठी माणसांना थोड्या जवळच्या. माझ्या आईने तो किती वेळा पाहिला याची गणती नाही, आणि मलाही आज त्याच्याविषयी उणा शब्द काढवत नाही. तरी पेशकाराची नजर जात नाही. त्या कथेतले मूल बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहे: पोहायला भ्याला, हट्ट धरला, खोटे बोलला, आई न्यायाधीश, आणि निकाल प्रेमाचा असला तरी निकालच. त्यातून हे सारे सांगतो तो मोठा झालेला श्याम, म्हणजे आरोपीने उतारवयात कबुलीजबाब लिहून द्यावा तसे. साने गुरुजींच्या मूळ पुस्तकात कर्ज आहे, सावकाराचा तगादा आहे, घराची जप्ती आहे; बापाची अब्रू मुलाच्या डोळ्यांदेखत जाते. पण त्या प्रसंगी श्यामने नेमके काय पाहिले, यापेक्षा त्यातून तो काय शिकला, याकडेच आपण वाचक दरवेळी वळलो. संस्कार या शब्दाने आपल्याकडच्या बालपणाची बरीचशी साक्ष दप्तरदाखल होऊ दिलेली नाही.

जपान्यांकडे संस्कार कमी होते असे मात्र कोणी समजू नये. ‘श्यामची आई’ला पदक मिळाले त्याच १९५४ साली तिकडे केइसुके किनोशिता यांचा ‘चोवीस डोळे’ प्रकाशित झाला, आणि ‘किनेमा जुन्पो’ या तिकडच्या प्रतिष्ठित नियतकालिकाच्या वार्षिक क्रमवारीत तो पहिला आला. कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराय’ तिसरा. साकाए त्सुबोई यांच्या कादंबरीवरचे हे चित्र आहे एका शिक्षिकेचे: १९२८ साली शोदोशिमा बेटावरच्या एका कोपऱ्यातल्या शाळेत पाश्चात्त्य कपडे घालून सायकलवरून येणाऱ्या ओइशी बाईंचे आणि त्यांच्या पहिल्या वर्गातल्या बारा मुलांचे. ओइशी म्हणजे मोठा दगड. बाई ठेंगण्या, म्हणून पोरे त्यांना ‘कोइशी’, धोंडुकली म्हणावे तसे, म्हणतात. पोरांनीच खणलेल्या खड्ड्यात पडून बाईंचा पाय दुखावतो, तेव्हा ती बाराही जणे घरी न सांगता, रडत रडत, त्यांना भेटायला कोसच्या कोस चालत जातात, आणि त्या दिवशी सगळ्यांचे मिळून एक छायाचित्र निघते. मग युद्ध येते. मुलगे सैन्यात जातात, मुली कर्जापायी विकल्यासारख्या दूर जातात, बाईंचा नवरा मरतो. शेवटी उरलेले विद्यार्थी बाईंना जेवायला बोलावतात. त्यांत युद्धात आंधळा झालेला इसोकिची आहे. तो छायाचित्र हातात घेतो आणि कागदावर बोट फिरवत, हा अमका, ही तमकी, असे बाराही जण बरोबर जागेवर दाखवत जातो. लहान वयातली आणि थोराड वयातली मुले एकमेकांसारखी दिसावीत म्हणून किनोशितांनी खऱ्या भावंडांच्या जोड्या निवडल्या होत्या, हे मला मागाहून कळले. पण बोट मात्र त्या आंधळ्याचेच. तीच माझ्या हिशेबी या चित्रातली जबानी. बाकी अश्रू फार आहेत, गाणीही फार आहेत. माझ्या पत्नीला ते चित्र सर्वांत आवडले.

हिरोशी शिमिझू हे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. ओझूंच्याच वयाचा हा दिग्दर्शक पोरांना रानात, ओढ्यात मोकळे सोडून चित्रे काढी. आणि युद्ध संपल्यावर ज्या निराधार पोरांना त्याने स्वतः सांभाळले, त्यांनाच घेऊन १९४८ साली त्याने ‘मोहोळातली मुले’ हे चित्र केले. त्यात वाटेत हिरोशिमा लागते, आणि त्या पोरांसाठी ते निव्वळ वाटेत लागलेले आणखी एक मोडलेले गाव असते. पुढे १९५४ साली सुसुमु हानी यांनी आणखी एक युक्ती केली: वर्गात कॅमेरा लपवून न ठेवता उघडच मांडून बसले, आणि पोरे त्याला इतकी सरावली की काही दिवसांत त्याच्याकडे पाहीनाशी झाली. आमचे एक जुने साहेबही हेच करीत. बालसाक्षीदार भेदरला असला की दुसऱ्याच कामाचे कागद चाळत बसत, मग पोर आपोआप बोलू लागे.

ज्या चित्रापाशी मी सर्वांत जास्त थांबलो ते कोहेइ ओगुरी यांचे १९८१ सालचे ‘चिखलाची नदी’. काळ १९५६चा, जपानी सरकारच्या आर्थिक अहवालाने युद्धोत्तर काळ आता संपला असे त्या साली जाहीर केले होते. ओसाकात नदीच्या मुखाशी खानावळ चालवणाऱ्या जोडप्याचा नऊ वर्षांचा मुलगा नोबुओ. समोरच्या काठाला एक घर-नाव येऊन लागते, तिच्यात किइची आणि त्याची बहीण गिंको. नावेला दोन खोल्या आहेत आणि दुसऱ्या खोलीत त्यांची आई राहते, तिथे मुलांनी जायचे नाही. का, ते गावात सर्वांना माहीत आहे, प्रेक्षकाला लवकरच कळते, आणि नोबुओला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. एकदा गिंको नोबुओच्या घरी येते आणि तांदळाच्या भरलेल्या पेटीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून उभी राहते. तांदूळ उबदार लागतो, एवढेच तिचे म्हणणे. माझ्या आजीच्या कणगीत आम्ही असेच हात घालत असू, पण आमची कणगी भरलेली असे, म्हणून त्या उबेची किंमत आम्हांला कळली नव्हती. शेवटी एका रात्री किइची मित्राला मौज दाखवायची म्हणून खेकडे पेटवतो. जळता खेकडा नावेच्या कडेने सरपटत जातो, त्याच्या मागे वाकून पाहत गेलेल्या नोबुओला दुसऱ्या खोलीची खिडकी लागते, आणि तो पाहतो. बस्स. कोणी रागावत नाही, कोणी समजावत नाही. दुसऱ्या दिवशी नाव सुटते आणि नोबुओ काठाकाठाने, पुलांवरून, मित्राच्या नावाने हाका मारत धावत सुटतो. कोणत्या गुन्ह्याची ही साक्ष, हे त्याला माहीत नाही; पेटता खेकडा मात्र तो जन्मभर सांगणार.

थोराड मुलांची चित्रे मला तितकीशी झेपली नाहीत, हे कबूल केले पाहिजे. शिंजी सोमाई यांचे १९८५ सालचे ‘टायफून क्लब’ तिकडे फार नावाजलेले आहे: वादळात शाळेतच अडकून पडलेली, चौदा-पंधरा वर्षांची काही मुले, कोणी मोठे जवळ नाही, आणि कॅमेरा दूर उभा राहून मिनिटेच्या मिनिटे हलत नाही. त्यातले काही पाहून मी घाबरलो, आणि गल्लीतल्या पोरांना ते दाखवले नाही. हिरोकाझू कोरे-एदा यांचे २००४चे ‘कोणालाच ठाऊक नाही’ हे मात्र एकट्याने दोनदा पाहिले. १९८८ साली तोक्योत उघडकीस आलेल्या एका खऱ्या प्रकरणावरून ते सुचले. आई चार मुलांना एका सदनिकेत ठेवून निघून जाते, आणि बारा वर्षांचा अकिरा धाकट्यांना सांभाळतो. जवळजवळ वर्षभर चित्रीकरण चालले, त्यामुळे मुलांचे केस आणि उंची खरोखर वाढत जाते. मुलांच्या हातात संहिता न देता आयत्या वेळी संवाद कानात सांगत. अकिरा झालेल्या युया यागिराला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. वृत्तपत्रात ते प्रकरण राक्षसी आईचे असेल. चित्रात नूडल्सच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रोपे आहेत, आणि धाकटीचे चालताना चूं-चूं वाजणारे बूट आहेत. म्हशीचे नवे दावे, ते हेच.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगतो. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानात एकाच तिकिटात दोन व्यंगचित्रपट दाखवायला आरंभ झाला: हायाओ मियाझाकी यांचा रानातल्या केसाळ, गबदूल तोतोरोचा, आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘काजव्यांचे थडगे’, ज्यात कोबेवरच्या बाँबवर्षावातून वाचलेली भावंडे उपासमारीने मरतात. एकाच खेळात. मुलांना काय सोसते आणि काय सोसत नाही याविषयी त्या वितरकांची काय कल्पना होती कोण जाणे.

आपल्याकडे ही साक्ष नोंदवायला उशीर झाला, पण झाली ती नेमकी. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त बैल विकायला निघालेल्या बापापुढे उभे राहिलेले पोर, अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तला बदलीच्या गावी आईबरोबर आलेला अबोल मुलगा, ही मला त्या नदीकाठच्या नोबुओची भावंडे वाटली, बर्लिनच्या महोत्सवात ‘किल्ला’ला मुलांच्या पंचमंडळाने पारितोषिक दिले, हेही मला योग्यच वाटले. आणि नागराज मंजुळे यांची ‘फँड्री’ पाहताना मला सारखे ओझू आठवत होते, जरी त्या दोघांचा एकमेकांशी संबंध असेल असे नव्हे. शाळेच्या कुंपणापलीकडे डुक्कर पकडणारा बाप, पाहून हसणारे सोबती, ज्या मुलीने पाहू नये तीही पाहणारी. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निवांत निघून जाते. तोक्योच्या दोन भावांनी अन्न टाकले, ‘फँड्री’तल्या जब्याने दगड उचलला, आणि तो दगड त्याने आपल्या दिशेने, पाहणाऱ्यांच्या दिशेने भिरकावला. साक्षीदाराने पिंजऱ्यातून न्यायाधीशावरच धोंडा घालावा, असा प्रसंग माझ्या नोकरीत आला नाही.

ओझूंचे ते पहिले चित्र दाखवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर उन्हात वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. गल्लीत पोती वाहणारी गाडी उभी होती, आणि तिच्याभोवती कालचा खेळ चालला होता. हिशेबनिसाचा मुलगा म्होरक्या झाला होता. त्याने बोटे रोखली की एकेक जण धुळीत आडवा होई, आडत्याचा नातू तर नव्या स्वेटरसकट पडला. मी चष्म्यावरून पाहतो आहे हे त्याच्या ध्यानी आले. थोडा वेळ तो घुटमळला, आणि मग पायऱ्या चढून येऊन त्याने माझ्याकडे बोटे रोखली. मी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले, गुडघे सांभाळीत सतरंजीवर उताणा झालो आणि डोळे मिटले. तेवढ्यात त्याच्या आईची हाक आली आणि तो तसाच पळाला. मला पुन्हा उठवण्याची खूण करायची राहूनच गेली.